घरातील बंदूक हा नागरिकाचा हक्क की राज्याने दिलेली परवानगी?

प्रश्न: गांधीगेट (महाल, नागपूर)

माझ्या वडिलांचे मागील वर्षी निधन झाले. त्यांच्या नावावर बारा बोअरची एक दुनळी बंदूक होती. उमरेडकडे आमच्या घराण्याची मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करण्याची जमीनदारी, होती. ती 1951 मध्ये कायद्याने संपली, बंदूक मात्र घरात राहिली. वाड्यातील भिंतीच्या कपाटात ती कुलूपबंद असे आणि काडतुसांच्या डब्याची किल्ली आईच्या कमरेला असे. माझ्या आठवणीत तिचा बार एकदाही निघालेला नाही. निवडणूक जाहीर झाली की ती जमा करून पावती आणायची आणि निकालानंतर परत आणायची, एवढाच काय तो तिचा प्रवास. निधनानंतर आम्ही ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा केली. आता परवाना वारसाच्या नावे करून घ्यावा की बंदूक विकून टाकावी, हे आम्हा दोघा भावांना ठरवायचे आहे.

विषय एवढाच असता तर येथे लिहिले नसते. माझा पुतण्या ऑस्टिनला नोकरी करतो. दिवाळीत तो आला असता यावरून घरात दोन दिवस वाद चालला. त्याचे म्हणणे असे, की स्वतःच्या जिवाचे रक्षण करण्याचे साधन बाळगण्यासाठी ज्या नागरिकाला सरकारपुढे अर्ज करावा लागतो, तो नागरिक नसून प्रजा आहे. माझ्या धाकट्या भावाला हे पटते. मला अर्धेच पटते, आणि त्याचे कारण 17 मार्च 2025 ची रात्र आहे. त्या रात्री महालात दगडफेक आणि जाळपोळ झाली, शहरातील अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दींत संचारबंदी लागली आणि आम्ही खिडक्या लावून अंधारात बसलो. ‘बंदूक घरात असती तर’ असे भाऊ म्हणाला. तेच वाक्य त्याच क्षणी प्रत्येक गल्लीतील प्रत्येक घरात उच्चारले गेले असते आणि प्रत्येक घरात खरोखरच बंदूक असती, तर सकाळी किती जण उरले असते, हा विचार माझ्या मनात आला. मी तो बोलून दाखवला नाही.

तरीही पुतण्याचा मूळ प्रश्न मला टाळता येत नाही. जे राज्य प्रत्येकाचे रक्षण करण्याची हमी देऊ शकत नाही, त्याने शस्त्रांवर एकट्याचा ताबा का ठेवावा? अमेरिकेत या एका प्रश्नावर पक्ष निवडून येतात आणि पडतात, मग आपल्याकडे एकही पक्ष याबद्दल का बोलत नाही? जाणकारांनी लिहावे, आणि शक्य झाल्यास आमच्या बंदुकीचे काय करावे तेही सांगावे.

उत्तर 1: सिव्हिल लाइन्सचा वकील

आपल्या पुतण्याने वापरलेला ‘प्रजा’ हा शब्द इतिहासाच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. 1857 चा उठाव पाहिलेल्या सरकारने व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत 1878 चा शस्त्र कायदा केला. त्यात युरोपियनांना सूट होती आणि एतद्देशीयांना परवान्याची सक्ती होती. काँग्रेसने स्थापनेनंतर अवघ्या काही वर्षांत त्याविरुद्ध ठराव केले. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनीही 1918 च्या सैन्यभरतीच्या पत्रकात एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राजवटीचे सर्वांत काळे कृत्य म्हणून ओळखला जाईल, या आशयाचे लिहिले होते.

नागपूरकरांनी तर याच कायद्याविरुद्ध सत्याग्रह केला होता. झेंडा सत्याग्रह सर्वांना आठवतो, पण 1927 मध्ये मंचेरशा आवारी यांच्या नेतृत्वाखाली लोक उघड्या तलवारी घेऊन याच शहराच्या रस्त्यांवर उतरले आणि शस्त्र कायदा मोडून तुरुंगात गेले, हे फारसे कोणाला माहीत नसते. गांधीजींनी या मार्गाला पाठिंबा दिला नाही. हातात तलवार घेऊन केलेला सविनय कायदेभंग त्यांच्या व्याख्येत बसत नव्हता. लोकांनी मात्र आवारींना ‘जनरल’ ही पदवी देऊन टाकली. (त्यांचे चिरंजीव पुढे 1977 मध्ये येथून लोकसभेवर निवडून गेले.)

काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांच्या यादीत शस्त्र बाळगण्याचा हक्क होता, नियमांच्या अधीन राहून का होईना, पण होता. म्हणून डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत हरि विष्णु कामथ यांनी तो हक्क मसुद्यात घालण्याची दुरुस्ती मांडली. कामथ हे सभेत आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. कोणीही बाजारात जाऊन हल्ल्याची हवी ती साधने विनाअडथळा विकत घेऊ लागला तर राज्याचा कारभार चालणार कसा, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. आणि व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा राष्ट्रावर संकट आले असता शस्त्र हाती घेण्याच्या कर्तव्यावर भर असावा, असे त्यांनी सुचवले. दुरुस्ती फेटाळली गेली. फेब्रुवारी 2023 मध्ये उत्तर प्रदेशातील विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले, की अमेरिकेप्रमाणे शस्त्र बाळगण्याचा मूलभूत हक्क आपल्या संविधानात नाही.

परंतु ‘हक्क नाही’ याचा अर्थ ‘साहेबांची मर्जी’ असाही नव्हे. 1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 13 नीट वाचले तर त्यात दोन निराळ्या पायऱ्या दिसतात. किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, अथवा पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल, तर नागरिकाला परवाना ‘देईल’ असे कायदा म्हणतो. रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावे लागते. दोन्ही बाबतींत कलम 14 आडवे येऊ शकते. अर्जदार मानसिकदृष्ट्या अक्षम असेल किंवा सार्वजनिक शांततेला धोका वाटत असेल तर नकार देता येतो, पण त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि कलम 18 खाली अपील करता येते. याच कलम 14 मध्ये असेही म्हटले आहे, की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. बंदूक म्हणजे मालगुजाराच्या घरची शोभा, ही समजूत स्वतंत्र भारताच्या कायद्याने तेथे मोडली आहे. आपली बारा बोअर पहिल्या पायरीवरची आहे, एवढे लक्षात ठेवावे.

उत्तर 2: ऑस्टिनवासी

काका, तुम्ही हा विषय येथे मांडणार असे मला वाटलेच होते, म्हणून माझी बाजू मीच मांडतो.

अमेरिकेतील बंदुकांचा आग्रह येथे केवळ वेडेपणा म्हणून सांगितला जातो. शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या, अमेरिकी संविधानाच्या 1791 च्या दुसऱ्या दुरुस्तीत 27 शब्द आहेत आणि त्यांचा रोख राज्याकडे आहे; सरकारकडे सगळी शस्त्रे आणि लोकांकडे काहीच नाही, ही स्थिती त्या लोकांनी इंग्रजांच्या हाताखाली अनुभवली होती. 2008 च्या हेलर निकालात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा व्यक्तीचा हक्क असल्याचे पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केले. 2022 च्या ब्रुएन निकालाने घराबाहेर शस्त्र बाळगण्यासाठी ‘विशेष गरज’ सिद्ध करण्याची न्यूयॉर्कची अट रद्द केली. आमच्या टेक्सासमध्ये तर सप्टेंबर 2021 पासून अपात्र नसलेल्या प्रौढाला पिस्तूल जवळ बाळगण्यासाठी परवानाच लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कोलोरॅडोतील कॅसल रॉक प्रकरणात एका आईने न्यायालयाचा मनाई आदेश हाती असताना पोलिसांना वारंवार विनवले, तरी त्यांनी हालचाल केली नाही आणि तिच्या तीन मुली बापाच्या हातून मारल्या गेल्या. पोलिसांकडून त्या आदेशाची अंमलबजावणी करून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नव्हता, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये ठरवले. मे 2022 मध्ये आमच्याच राज्यातील उव्हाल्डे येथील शाळेत 19 मुले आणि 2 शिक्षिका मारल्या गेल्या. शस्त्रसज्ज पोलीस 77 मिनिटे वर्गात शिरले नाहीत. रक्षणाची जबाबदारी घेत नाही आणि रक्षणाचे साधनही देत नाही, असे म्हणणाऱ्या राज्यावर मी विश्वास का ठेवावा?

नागपूरचेच उदाहरण घ्या. 13 ऑगस्ट 2004 रोजी कस्तुरबा नगरातील बायकांनी वर्षानुवर्षे वस्तीला छळणाऱ्या गुंडाला भर न्यायालयात संपवले. त्या वस्तीतील एकाही घरात परवान्याची बंदूक नव्हती. असती तर तो माणूस एवढी वर्षे माजला असता का, याचे उत्तर येथील जाणकारांनी द्यावे.

उत्तर 3: निवृत्त खाकी

तीस वर्षांहून अधिक काळ पोलीस खात्यात काढल्यामुळे माझे मत एकांगी वाटेल, ते गृहीत धरूनच वाचावे.

ऑस्टिनवासी यांनी उव्हाल्डेची अर्धीच हकीकत सांगितली. पोलीस 77 मिनिटे बाहेर थांबले हे खरे आणि लाजिरवाणे आहे. पण ते का कचरले? आत रायफल होती म्हणून. ती रायफल त्या मुलाने अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर थोड्याच दिवसांत दुकानातून रीतसर विकत घेतली होती. ज्या समाजात कोणाही हाती रायफल असू शकते, तेथे पोलीसही प्रत्येक दार भीतीने उघडतो आणि भ्यालेल्या पोलिसाचे बोट लवकर दाबले जाते. आमच्याकडे बीट मार्शल काठी घेऊन वस्तीत शिरू शकतो, याचे मोठे श्रेय शस्त्र कायद्याला आहे.

आता आमच्या बाजूच्या उणिवा सांगतो. नागपुरात गुन्ह्यांत दिसतो तो मुख्यतः चाकू किंवा देशी कट्टा. परवान्याच्या शस्त्राने गुन्हा झाल्याची प्रकरणे माझ्या हाताखालून फार थोडी गेली. कट्टा मध्य प्रदेश, बिहारकडून हातोहात येतो. तो बाळगणारा परवान्याच्या रांगेत कधीच उभा राहत नाही, म्हणून परवान्याचे नियम कितीही कडक केले तरी त्याचे काही बिघडत नाही. कट्ट्याची केस न्यायालयात टिकवणे हेच खरे काम आहे, आणि तेथे आम्ही वारंवार हरतो. जप्तीचे पंच नेहमीचेच असतात आणि साक्षीला उभे राहिले की फितूर होतात. शस्त्र सीलबंद केल्याची नोंद एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर भलतीच असते. ते चालू स्थितीत आहे असा तज्ज्ञाचा अहवाल उशिरा येतो. कलम 39 प्रमाणे खटल्यापूर्वी घ्यावयाची मंजुरी कधी मिळवलेलीच नसते, तर कधी शस्त्र न पाहताच दिलेली असते. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रनिर्मितीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली, ठीकच आहे. पण आरोपी सुटणार असेल तर शिक्षा सात वर्षांची आहे की जन्मठेपेची, याने त्याला काय फरक पडतो? त्याच दुरुस्तीने सर्वसामान्य परवानाधारकाची शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. प्रामाणिक माणसावर नियम करणे नेहमीच सोपे असते.

निवडणुकीच्या वेळी शस्त्रे जमा करण्याबद्दल एक खुलासा. सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करावीत असा नियम नाही. कोणाचे शस्त्र जमा करायचे हे छाननी समितीने परवानाधारकाची पार्श्वभूमी पाहून ठरवावे, अशी पद्धत आहे. प्रत्यक्षात ठाण्यातून सर्वांनाच फोन जातो, कारण यादी चाळत बसण्यापेक्षा ते कमी कष्टाचे असते.

कस्तुरबा नगराबद्दल मी अधिक लिहिणार नाही. त्या प्रकरणात खाकीची मान खाली जाते.

उत्तर 4: पेंचकाठचा शेतकरी

येथे चर्चा शहरातील सुरक्षिततेची चालली आहे, म्हणून पारशिवनी तालुक्यातून चार ओळी लिहितो.

आम्हाला बंदूक गुंडासाठी नको आहे. रानडुक्कर एका रात्रीत तुरीचा पट्टा उकरून टाकते आणि रोह्यांचा (नीलगायींचा) कळप हरभऱ्यात शिरला की सकाळी बांधावर उभे राहून रडावे लागते. वकीलसाहेबांनी सांगितलेली ठासणीच्या बंदुकीची तरतूद आमच्यासाठीच आहे. पण परवाना मिळाला तरी रानडुकरावर गोळी झाडता येत नाही. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनविभागाची लेखी परवानगी वेगळी लागते. म्हणजे बंदूक एका खात्याची, जनावर दुसऱ्या खात्याचे आणि पीक तेवढे आमचे. रात्रभर माळ्यावर जागल करायची, फटाके फोडायचे, डबे वाजवायचे आणि सकाळी पंचनाम्यासाठी अर्ज करायचा. या सगळ्याला कंटाळून कोणी कुंपणात जिवंत वीज सोडतो. मग त्या तारेला चिकटून कधी वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस. बंदूक नाकारून राज्याने जी सुरक्षितता राखली ती त्या तारेत गेली, असे मला वाटते.

हे सगळे सांगूनही मी स्वतः परवान्यासाठी अर्ज केलेला नाही. आमच्या गावात दोन शेतकऱ्यांनी आत्महत्या केली, दोघांनीही फवारणीचे औषध घेतले होते. तिसऱ्याने घेतले होते तो वाचला, कारण दवाखान्यात नेईपर्यंत वेळ मिळाला. आज तो शेती करतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, असे वाचले तेव्हा मला त्या तिसऱ्याची आठवण झाली. ज्या घरात सावकार, बँक आणि पाऊस तिघेही रुसलेले आहेत, त्या घराच्या खुंटीला भरलेली बंदूक असू नये.

उत्तर 5: राज्यशास्त्राची शिक्षिका

मूळ प्रश्नातील पक्षांविषयीचा भाग कोणी घेतला नाही, म्हणून तो घेते.

वकीलसाहेबांनी सांगितलेल्या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. 1931 मध्ये काँग्रेस शस्त्राचा हक्क मागत होती. 1948 मध्ये जवळजवळ तीच मंडळी सत्तेवर असताना कामथांची दुरुस्ती पडली. यात ढोंगच होते असे मी म्हणणार नाही. मधल्या काळात फाळणीची कत्तल झाली होती आणि जानेवारी 1948 मध्ये एका पिस्तुलाने गांधीजींचा बळी घेतला होता. पण राज्यसत्तेकडे पाहण्याची दृष्टी आपण तिच्या आत आहोत की बाहेर यावर बदलते, हा नियम त्या काळीही लागू होता आणि आजही आहे. दहशतवादविरोधी पोटा कायदा 2004 मध्ये ज्या आघाडीने रद्द केला, तिनेच त्यातील अनेक तरतुदी यूएपीएत (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात) घातल्या आणि 2008 मध्ये तो आणखी कडक केला. 2019 मध्ये दुसऱ्या आघाडीने संघटनांबरोबर व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याची सोय त्यात केली. आपल्याकडे वेगळ्या विदर्भाचे जे होते तेच नागरी स्वातंत्र्याचे होते: विरोधी बाकांवर असताना ते जाहीरनाम्यात असते आणि सत्तेत आले की समितीकडे जाते.

अमेरिकाही याला अपवाद नाही. 1967 मध्ये ब्लॅक पँथर पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात शिरले, तेव्हा सार्वजनिक ठिकाणी भरलेले शस्त्र बाळगण्यास बंदी घालणाऱ्या मुलफर्ड कायद्यावर रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली आणि त्या विधेयकाला नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेचाही पाठिंबा होता. बंदूक कोणाच्या हातात आहे, यावर हक्क आठवतो किंवा विसरतो. दोन्ही पक्षांची आजची ठाम विभागणी पुढच्या काही दशकांत घडली. 1994 मध्ये क्लिंटन यांच्या काळात लष्करी धाटणीच्या रायफलींवर दहा वर्षांची बंदी आली, त्याच वर्षीच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधिगृह गमावले आणि हा विषय मतांचा होऊन बसला. उलट ऑस्ट्रेलियात एप्रिल 1996 मध्ये पोर्ट आर्थर येथे 35 माणसे मारली गेल्यावर पुराणमतवादी पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी आपल्याच ग्रामीण मतदारांचा रोष पत्करून सुमारे साडेसहा लाख शस्त्रे सरकारी पैशाने परत घेतली. बंदूकधारकांच्या एका सभेत तर ते अंगरख्याआड चिलखत घालून उभे राहिले होते. पक्षाचा रंग पाहून त्याची भूमिका सांगता येते, हे पूर्ण खरे नाही.

आपल्याकडे पक्ष यावर बोलत नाहीत, कारण त्यांना गरज नाही. नेत्याला परवाना आणि अंगरक्षक दोन्ही मिळतात, त्याच्या भोवतीच्यांना कट्टा मिळतो, आणि उरलेल्या मतदारांना बंदूक नकोच आहे; त्यांना ठाण्यात तक्रार लिहून घेतली जाणे हवे आहे. कस्तुरबा नगराचा अर्थ मी ऑस्टिनवासी यांच्या नेमका उलट लावते. त्या बायकांनी बंदुकीचे परवाने मागितले नव्हते. त्या वर्षानुवर्षे तक्रारी घेऊन गेल्या होत्या आणि त्या तक्रारींचे काही झाले नाही. 2014 मध्ये सर्व आरोपी पुराव्याअभावी सुटले, तेव्हा शहराला हायसे वाटले. खुनाच्या खटल्यात कोणालाच शिक्षा न झाल्याचे समाधान वाटावे, यापेक्षा राज्याची नामुष्की ती कोणती? आणि त्या वस्तीत बंदुका असत्या तर त्या आधी कोणाकडे असत्या, हा साधा प्रश्न विचारून पाहावा. त्या गुंडाकडेच असत्या.

माझी खरी धास्ती दुसऱ्या टोकाची आहे. शस्त्रांवर राज्याचा एकाधिकार मान्य करायचा तर त्या राज्याला जाब विचारता आला पाहिजे. 23 नोव्हेंबर 1994 रोजी हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी मोर्चात पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी होऊन 114 माणसे मेली. मोर्चेकऱ्यांपैकी कोणाच्या हाती शस्त्र नव्हते, पोलिसांनी गोळीही झाडली नव्हती. एका मंत्र्याचा राजीनामा आला, काही महिन्यांत निवडणुकीत सरकार गेले, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचे नाव मिळाले. पक्षीय राजकारणाने त्या घटनेचा वापर पुरेपूर केला, पण मोर्चा अडवण्याची पद्धत किती बदलली हे अधिवेशनाच्या काळात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ उभे राहून ज्याने त्याने पाहावे. मार्च 2025 नंतर आरोपींच्या घरांवर बुलडोझर निघाला, तोही आपल्याच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने थांबवला. त्या दिवशी राज्याला आवर घातला तो न्यायालयाच्या आदेशाने, आणि तो आदेश मिळवायला गेलेल्यांच्या हातात वकीलपत्राशिवाय काही नव्हते.

उत्तर 6: ऑस्टिनवासी

मुलफर्ड कायद्याचा मुद्दा मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूचा आहे: राज्य आधी दुर्बलांचीच शस्त्रे काढून घेते. खंडपीठाच्या आदेशाबद्दल आनंद आहे. पण तो येईपर्यंत एक घर पडले होते, हेही लिहायला हवे होते.

प्रश्नकर्ता: गांधीगेट

सर्वांचे आभार. शिक्षिकाबाईंचे म्हणणे मला पटले आणि पुतण्याची शेवटची ओळ खटकूनही खोडता आली नाही, म्हणजे मी होतो तेथेच आहे. पण निदान का आहे ते आता समजते. व्यवहाराचे सांगायचे तर मला बंदूक नको आहे. धाकटा भाऊ उमरेडच्या शेतावर राहतो, त्याला ती हवी आहे. वकीलसाहेब, अशा वेळी काय करावे लागते?

सिव्हिल लाइन्सचा वकील

2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. भाऊ ग्रामीण हद्दीत राहत असल्याने त्यांचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे न जाता जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. मृत्यूचा दाखला, विक्रेत्याकडील जमा पावती आणि मूळ परवाना जोडावा. त्याशिवाय इतर सर्व वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागेल. म्हणजे आपले आणि आपल्या मातोश्रींचे. परवाना झाल्यावर बंदूक आणि काडतुसे दोन्ही भावाच्याच ताब्यात असली पाहिजेत. काडतुसांची किल्ली आईंकडे ठेवण्याची जुनी पद्धत कायद्यात बसत नाही.

प्रश्नकर्ता: गांधीगेट

हे आईला वाचून दाखवले. तिने सही करायला नकार दिला आहे. बंदुकीला तिची हरकत नाही. किल्ली द्यायला आहे.